मी वर्तनवादी झालो तेव्हा

मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि त्याच्या मागोमाग माझ्या बायकोने मानसशास्त्राच्या एम.ए.ला प्रवेश घेतला. तिचं बी.ए. लग्नाआधी झालेलं. पुढचं राहून गेलं. कुणी अडवलं असं नाही, पण लग्न झालं, मुलगा झाला, डोंबिवलीतल्या एका शाळेच्या ऑफिसात ती क्लार्क म्हणून लागली आणि बघता बघता पन्नाशी आली. "आता मला कुणाच्या डब्याचं टेन्शन नाही," ती म्हणाली. मी म्हटलं, "आणि माझा?" तर म्हणाली, "तुमचा काय, होता होता होतो."

अभ्यासक्रम बाहेरून परीक्षा देण्याचा होता. पुस्तकं इंग्रजीत, उत्तरं मराठीत लिहिली तरी चालायची. सकाळी ती पोळ्या लाटायची आणि मी डायनिंग टेबलाशी तिचं पुस्तक उघडून प्रश्न विचारायचो. कंपनीची बस यायला वेळ असायचा. पहिलाच मोठा धडा आधुनिक मानसशास्त्रातल्या विचारप्रवाहांवर होता. मन म्हणजे काय आणि त्याचा अभ्यास करायचा तरी कसा, यावर ह्या विद्वान लोकांचं एकमेकांशी अजिबात पटलेलं नाही, हे मला त्या टेबलाशी बसून कळलं. एकाने पंथ काढायचा, पुढच्याने त्यातल्या चुका दाखवून आपला वेगळा काढायचा.

"रचनावाद," मी म्हणायचो.

"मनाचे घटक सुटे करायचे," ती पोळी उलटत सांगायची. "शिकवून तयार केलेल्या माणसाला बसवायचं, एखादी वस्तू दाखवायची आणि त्याने आत काय काय जाणवतं ते बारकाईने सांगायचं. रंग, चमक, गारवा. ह्याला आत्मनिरीक्षण म्हणायचं."

"मग मागे का पडला?"

"एकाला जे जाणवतं ते दुसऱ्याला जाणवत नाही. दोघांत खरं कोणाचं, हे ठरवणार कसं?"

हे मला चटकन समजलं. मी एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे. रंगवलेली कापडाची पट्टी उत्तरेच्या खिडकीपाशी, एकसारख्या उजेडात धरून आम्ही ती मूळ नमुन्याशी ताडून बघतो. मला तिच्यात लाल जास्त वाटतो, माझ्या शेजारच्याला निळा. मग मशीनवर लावायचं, आकडा बघायचा आणि वाद मिटवायचा. मी हे तिला सांगितलं तेव्हा ती लाटणं हातात धरून तशीच उभी राहिली. "हे मी उत्तरात लिहिणार," म्हणाली. आणि खरंच लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी समासात 'छान उदाहरण' असा शेरा मारलेला. तो कागद तिने मला दाखवला तेव्हा मला दहावी पास झाल्यासारखं वाटलं.

ते दोन-तीन महिने फार छान गेले. आमच्या घरात बोलण्यासारखं काही उरलेलं नाही, असं मला मुलगा गेल्यावर वाटायला लागलं होतं. आता बसमध्ये बसल्यावरही माझ्या डोक्यात उद्याचा प्रश्न असायचा.

मग तो आला.

रविवारी ठाण्याला, वर्तकनगरमधल्या एका शाळेत त्यांचे वर्ग भरायचे. वर्गात बहुतेक बायका, पुरुष थोडे. त्यातला एक शहाडचा, साधारण आमच्याच वयाचा. घराणं तिथलं जुनं. पूर्वी भातशेती होती, आता त्या जमिनीवर इमारती उभ्या आहेत. हा आणि त्याची म्हातारी आई मात्र अजून जुन्या घरातच राहतात. त्याने लग्न केलेलं नाही. वडील शेवटची काही वर्षं भलतंसलतं बोलायचे, घरातल्यांना ओळखायचे नाहीत, आणि त्यांना काय झालंय हे कुणालाच कळलं नाही, म्हणून हा ह्या विषयाकडे वळला. ही सगळी माहिती मला बायकोनेच दिली, एका रविवारी संध्याकाळी, पर्स खांद्यावरून खाली ठेवण्याच्याही आधी.

एका सकाळी मी पुस्तक उघडून बसलो, तर ओट्यावर तिचा फोन स्पीकरवर चालू होता. तो प्रश्न विचारत होता आणि ती लाटता लाटता उत्तर देत होती. मध्येच ती हसली आणि म्हणाली, "अरे, तू समष्टिवाद आणि रचनावाद एकत्र करतोयस. नीट वाच ना."

मला ती लग्न झाल्यापासून 'अहो' म्हणते. तिच्या घरची पद्धत तशी, आमच्याही घरची तशीच. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. उलट आमच्या ऑफिसातल्या एकाची बायको त्याला सगळ्यांसमोर 'ए' म्हणायची तेव्हा मला कसंतरी व्हायचं. पण त्या सकाळी ते 'अरे' माझ्या कानात घुसलं. ह्या माणसाला ती ओळखते किती? आणि हा तिचा 'अरे'. पुस्तक माझ्या पुढ्यात उघडं होतं आणि मला विचारायला प्रश्न नव्हता. मी बूट घातले आणि बस यायच्या खूप आधी खाली जाऊन उभा राहिलो.

मत्सर हा शब्द मला तेव्हा सुचला नव्हता. मी त्याला ॲसिडिटी म्हणत होतो. संध्याकाळी घरी आलं की छातीत जळजळायचं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, तिखट बंद केलं. मी त्यांना विचारलं, "टेन्शनने होतं का हो असं?" ते म्हणाले, "शेवटी सगळं शरीरातलं रसायनच." मनाचा सगळा कारभार मेंदूतल्या रसायनांवर चालतो असं मानणारा एक जीवशास्त्रीय पंथही आहे, हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण गोळीने छाती शांत झाली तरी फोन वाजला की मी कान टवकारायचोच.

दिवाळीनंतर एकदा तो आमच्या घरी आला. हातात घरच्या झाडाच्या शेवग्याच्या शेंगा, पेपरात गुंडाळलेल्या. उंच, बारीक, केस पांढरे, बोलायला सावकाश. मी मनात जो माणूस रंगवला होता तो ह्याच्याहून पुष्कळ देखणा होता. तेवढ्याने मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कारण तो दिसायला साधा होता आणि तरी ती त्याच्याशी बोलताना निराळी दिसत होती. ती हात हलवत होती. वाक्य अर्धं सोडून दुसरं सुरू करत होती. चुकली की जीभ चावून पुन्हा सांगत होती.

दोघं समष्टिवादावर बोलत होते. त्याने एका कागदावर तीन ठिपके काढले आणि कागद माझ्याकडे सरकवला. "तुम्हाला काय दिसतं?"

"त्रिकोण," मी म्हटलं.

"रेषा कुठेयत?" तिने विचारलं, आणि ते दोघंही हसले.

"सगळ्यांना त्रिकोणच दिसतो," तो घाईने म्हणाला. "मन तुकडे तुकडे बघत नाही. जिथे जागा रिकामी असते तिथे ते आपलं आपण भरून घेतं आणि पूर्ण चित्र बघतं. ह्या पंथाचं म्हणणं तेच."

तो समजावून सांगत होता, टोमणा मारत नव्हता. पण मला ऐकू आलं ते फक्त दोघांचं एकत्र हसणं. तो गेल्यावरही मी तो कागद बघत बसलो. माझ्याकडेही तेव्हा तीनच ठिपके होते, एक फोन, एक 'अरे' आणि एक हसणं. मधल्या रेषा मी रोज ओढत होतो.

त्यानंतर मी पुस्तक गंभीरपणे वाचायला घेतलं. दुपारच्या सुट्टीत, लॅबमध्ये, कुणाला न सांगता. ते दोघं ज्या भाषेत बोलतात ती मला यायला हवी होती. त्या वाचनात मला वर्तनवाद सापडला आणि मी सुखावलो. हे लोक म्हणतात, मनात काय आहे ते विसरा. ते दिसत नाही, मोजता येत नाही. माणूस काय करतो ते बघा. त्याआधी काय घडलं आणि त्यानंतर त्याला काय मिळालं ते बघा. ज्या वागण्याला बक्षीस मिळतं ते वाढतं. ज्याला काहीच मिळत नाही ते हळूहळू बंद पडतं. मला हे आमच्या धंद्यासारखं स्वच्छ वाटलं. बायकोच्या मनात काय आहे हा प्रश्नच उरत नव्हता, आणि मला तेच हवं होतं. त्या प्रश्नाच्या जवळ जायची माझी छाती नव्हती.

आमच्या चहाच्या वेळा आता वादविवादाच्या झाल्या. तिला आणि त्याला मानवतावादी पंथ आवडायचा. प्रत्येक माणसात स्वतःहून वाढायची ताकद असते, त्याला फक्त कुणीतरी न तोलता ऐकून घ्यावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. मी म्हणायचो, "ऐकून घेतल्याने काय होतं? मोजून दाखव." ती म्हणायची, "तो म्हणतो की सगळंच मोजायला गेलं तर माणूस हातातून निसटतो." तो म्हणतो. तो म्हणतो. माझ्या घरात, माझ्या चहाच्या कपाशी, तो रोज काहीतरी म्हणत होता.

मग मी प्रयोग केला. तिने त्याचा उल्लेख केला की मी काहीही प्रतिसाद द्यायचा नाही. मान हलवायची नाही, 'हं' म्हणायचं नाही, पेपर वाचत राहायचं. दुसरा कुठलाही विषय निघाला की मात्र भरभरून बोलायचं. पुस्तकाप्रमाणे त्याचा विषय आपोआप कमी व्हायला हवा होता. काही दिवस तो झालाही. मी मनातल्या मनात शेरा मारला, बॅच पास.

एका संध्याकाळी ती भाजी निवडत होती. "आज वर्गात त्याने एक फार चांगला प्रश्न विचारला," ती म्हणाली. मी पेपरात डोकं घातलं. ती जरा थांबली. मग म्हणाली, "आपल्या सोसायटीत पाणी उद्या येणार नाही म्हणे." मी पेपर खाली ठेवून म्हटलं, "हो का? मग टाकी भरून ठेवायला हवी."

तिने निवडलेली मेथी ताटात ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. "तुम्ही माझ्यावर विलोपन करताय का?"

बक्षीस बंद करून वागणं बंद पाडण्याला मराठीत विलोपन म्हणतात. तो शब्द मीच तिला कधीतरी पुस्तकातून विचारलेला. मी पेपर पुन्हा उचलला.

"मी काय पिंजऱ्यातला उंदीर आहे?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, आणि तेच मला जड गेलं. "तुम्हाला काही विचारायचं असेल तर विचारा."

"मला काय विचारायचंय? तुझंच काहीतरी चाललंय."

"माझं काय चाललंय?"

"ते तुला माहीत."

ती उठून आत गेली आणि पुस्तक घेऊन आली. पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. प्रक्षेपण. मनोविश्लेषणवाल्यांचा शब्द. आपल्या मनातली नकोशी गोष्ट आपल्याला सोसत नाही, म्हणून आपण ती दुसऱ्याच्या अंगावर टाकतो आणि मग त्याच्यात ती बघतो. मी वाचलं आणि भडकलो. हा पंथ मला पहिल्यापासून आवडत नव्हता. हो म्हणा की नाही म्हणा, दोन्हीकडून तुम्हीच सापडता. "म्हणजे माझ्याच मनात काहीतरी आहे असं म्हणायचंय तुला?" मी म्हटलं. ती म्हणाली, "मला माहीत नाही. तुम्ही कधी बोलतच नाही, तर मला कसं कळणार?" त्यानंतर आम्ही बरेच दिवस भाजी, पाणी आणि मुलाचा फोन एवढ्यावरच बोललो.

दुसऱ्या वर्षी त्यांना प्रात्यक्षिक होतं. प्रत्येकाने एका माणसाची तासाभराची मुलाखत घ्यायची, समुपदेशनाच्या पद्धतीने, म्हणजे सल्ला न देता फक्त ऐकायचं. ती रेकॉर्ड करायची आणि लिहून द्यायची. नाव कुठेही घालायचं नाही. स्वतःच्या घरचं माणूस चालत नव्हतं. बायकोला शाळेतली एक शिपाईबाई मिळाली. त्याला कुणी मिळेना. शहाडमध्ये सगळे त्याला लहानपणापासून ओळखणारे, त्याच्यासमोर मोकळं बोलायला कुणी तयार नाही. बायको मला म्हणाली, "तुम्ही जाल का? एक तासाचा तर प्रश्न आहे. त्याचं काम होईल."

नाही म्हटलं असतं तर का नाही ते सांगावं लागलं असतं. मी हो म्हटलं. आणि खरं सांगायचं तर त्याचं घर मला बघायचं होतं. ती तिथे कधी गेली असेल का, गेली असेल तर कुठे बसली असेल, हे सगळं माझ्या डोक्यात होतं.

रविवारी दुपारी मी शहाडला उतरून चालत गेलो. उंच इमारतींच्या मधोमध त्याचं कौलारू बैठं घर. मागे नदीच्या अंगाला थोडं गवत आणि तो शेवगा. ओट्यावर त्याची आई पाय पसरून वालाच्या शेंगा सोलत बसलेली. मला बघून म्हणाली, "बस बाला. जेवलास का नाय?" मी जेवलो म्हटलं तरी तिने लेकाकडून आतून गुळाची पोळी आणवली. ती मला ओळखत नव्हती आणि नाव, गाव, काहीच विचारत नव्हती. मला थोडं अवघडल्यासारखं झालं. इतक्या सरळ घरात मी वाकडा होऊन आलो होतो.

आतल्या खोलीत दोन खुर्च्या, मध्ये स्टूल, स्टुलावर त्याचा फोन. त्याने रेकॉर्डिंग चालू केलं आणि सांगितलं, "तुम्हाला जे बोलायचं ते बोला. मी सल्ला देणार नाही. थांबावंसं वाटलं तर थांबा."

मी ठरवून गेलो होतो की निवृत्तीबद्दल आणि ॲसिडिटीबद्दल बोलायचं. तसं बोललोही. कंपनीत आता सगळं मशीन करतं, डोळ्याची किंमत राहिलेली नाही, वगैरे. तो ऐकत होता. मध्येच माझंच वाक्य मला परत द्यायचा. "म्हणजे जळजळ जेवणानंतर होत नाही, घरी आल्यावर होते."

"हो. घरी आल्यावर."

तो गप्प राहिला. बाहेर त्याच्या आईच्या हातातल्या शेंगांचा आवाज येत होता. इतका वेळ कुणी माझ्या पुढच्या वाक्याची वाट बघितल्याचं मला आठवत नव्हतं. त्या शांततेत माझं तोंड आपोआप उघडलं.

"घरी आल्यावर ती फोनवर असते," मी म्हटलं. "अभ्यासाचं बोलणं असतं. तिच्या वर्गातला एक माणूस आहे. चांगला माणूस आहे. पण आधी तिला प्रश्न मी विचारायचो. आता पुस्तक माझ्या हातात असतं आणि प्रश्न तो विचारतो. ती त्याच्याशी जशी हसते तशी माझ्याशी शेवटची कधी हसली ते मला आठवत नाही. माझ्याशी ती नीट वागते, जेवायला वाढते, औषधाची आठवण करते. सगळं करते. पण मला ती 'अहो' म्हणते, आणि तुम्हाला 'अरे'."

मी आतापर्यंत 'तो' म्हणत होतो. 'तुम्हाला' हे माझ्या तोंडून कसं निघालं ते मला आजही सांगता येत नाही. जिभेची अशी चूक म्हणजे आतलं बाहेर येणं, असं मनोविश्लेषणवाले म्हणतात. ज्या पंथाला मी नावं ठेवली त्यानेच मला पकडलं.

तो हसला नाही. त्याची नजर क्षणभर स्टुलाकडे गेली आणि परत आली. "म्हणते," तो म्हणाला. "आणि त्याने तुम्हाला लागतं."

"हो," मी म्हटलं. मग मी आणखी बराच वेळ बोललो. मुलगा गेल्यापासून घर कसं वाटतं, ती पुढे चालली आहे आणि मी कसा खिडकीपाशी पट्टी धरून उभा आहे.

शेवटी त्याने फोन उचलून रेकॉर्डिंग बंद केलं. "हे मी देणार नाही," तो म्हणाला.

"द्या की. नाव तर नसतंच."

"नावाचा प्रश्न नाही. ऐकणारा माणूस बाजूला असायला पाहिजे. मी नव्हतो. मला मध्येच वाटत होतं, तुम्हाला थांबवावं आणि सांगावं की असं काही नाही. म्हणजे मी तुमचं ऐकत नव्हतो, माझी पाळी यायची वाट बघत होतो."

"मग सांगा आता. असं काही आहे का?"

"नाही," तो म्हणाला. "पण माझ्या नाहीने तुमचं भागणार नाही. हे तुम्ही तिच्याशी बोलायला पाहिजे. मी तिला काही सांगणार नाही." आणि माझ्यासमोर त्याने ते रेकॉर्डिंग पुसून टाकलं.

घरी बायकोने विचारलं, "कसं झालं?" मी म्हटलं, "बरं झालं." तिने पुढे काही विचारलं नाही. विचारायचं नसतं, असा त्यांच्यात नियम होता.

त्याला दुसरा माणूस शोधायला फार दिवस उरलेले नव्हते. त्यातच त्याची आई आजारी पडली, तिला कल्याणला दवाखान्यात ठेवावं लागलं. प्रात्यक्षिक द्यायची तारीख निघून गेली. त्याचं वर्ष अडलं. पुढच्या बॅचबरोबर ते पुन्हा करावं लागणार होतं. बायको त्याच्यावर चिडली. "एवढी तुमची मुलाखत झाली होती, ती का नाही दिली? विचारलं तर नुसतं 'नीट जमली नाही' म्हणतो. आळशीपणा आहे सगळा." मग तिचं त्याच्याशी बोलणंही कमी झालं. फोन येईनासा झाला.

म्हणजे मला जे हवं होतं ते सगळं झालं. आणि मी किती खूश होतो ते मी लपवणार नाही. साधारण एक दिवस. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये पट्टी बघताना ते पुसलेलं रेकॉर्डिंग आठवलं. तो तिची बोलणी खातोय, वर्ष घालवून बसलाय आणि माझं एक वाक्य बाहेर काढत नाहीये. मला त्याचा पूर्वी जेवढा हेवा वाटत होता त्याहून जास्त वाटायला लागला. आधी वाटायचं, ह्याला माझ्या बायकोचं हसणं मिळतं. आता वाटलं, हा माझ्यापेक्षा चांगला माणूस आहे, आणि तिला जर हे कळलं तर ती ते बरोबर ओळखेल. ही ॲसिडिटी फार वाईट होती.

शनिवारी सकाळी, तिला सुट्टी होती, पोहे खाताना मी तिला सगळं सांगितलं. शहाडची मुलाखत, माझं बोलणं, ती जिभेची चूक, पुसलेलं रेकॉर्डिंग. ती चमचा बशीत ठेवून ऐकत होती. माझं संपलं. मला वाटलं, आता त्याचं कौतुक सुरू होईल.

"किती वेळ बोललात?" तिने विचारलं.

"तासभर झाला असेल."

"तासभर." तिचे डोळे भरून आले. "माझ्याशी इतक्या वर्षांत कधी बोललात तासभर? त्याला सांगितलंत. मला नाही. मी काय तुमचं ऐकलं नसतं?"

ह्याची मी तयारी केली नव्हती. मी म्हटलं, "तुला सांगायची लाज वाटली."

"आणि त्याला नाही वाटली?"

"त्याने वाट बघितली."

तिने डोळे पुसले. मग म्हणाली, "मला आत्ता त्याचा हेवा वाटतोय." आणि ती खरंच रागावलेली होती, थट्टा करत नव्हती.

मग मी तो प्रश्न विचारला, जो न विचारण्यासाठी मी एवढा वर्तनवादी झालो होतो. "तो तुला आवडतो का?"

तिने लगेच नाही म्हटलं असतं तर माझा विश्वास बसला नसता. ती विचार करत राहिली. "आवडतो," ती म्हणाली. "तुम्ही समजता तसं नाही. पण आवडतो. तिथे मी कुणाची आई नसते, कुणाची बायको नसते, शाळेतली क्लार्कबाई नसते. चुकलं तर चुकलं. त्याच्यासमोर चुकायला मला काही वाटत नाही." पोहे गार झाले होते. तिने दोन्ही बशा उचलल्या, आत नेल्या आणि पुन्हा गरम करून आणल्या.

त्या दिवशी तिने त्याला फोन केला. काय बोलली ते मी ऐकलं नाही, गॅलरीत जाऊन उभा राहिलो. पुढच्या वर्षी त्याने दुसऱ्या कुणाची तरी मुलाखत घेतली आणि तो पास झाला. ती आधीच झालेली होती.

माझी असूया पूर्ण गेली असं मी म्हणणार नाही. तिने माझ्याबरोबर बोधात्मक पंथाची पद्धतही करून बघितली. मनात आलेला विचार सरळ शब्दांत मांडायचा, त्याच्या बाजूने पुरावा काय, विरुद्ध काय, ते बघायचं. माझ्यासारख्या तपासणीच्या माणसाला ती पद्धत झेपते. बहुतेक वेळा विचार नापास होतो. पण नापास झालेली बॅचसुद्धा कारखान्यात कुठेतरी पिंपात भरून ठेवावी लागते, ती हवेत विरत नाही. कुठल्याही एका पंथाने मला पुरतं ओळखलं असं नाही, आणि कुणी अगदीच चुकलं असंही नाही.

आता ती समुपदेशन करते. आठवड्यातून काही दिवस ठाण्यातल्या एका शाळेत, आणि संध्याकाळी घरून, लॅपटॉपवर. मुलाच्या खोलीचं दार लावून घेते. आत कोण बोलतंय ते मला माहीत नसतं. कुठल्यातरी मुलीला, कुठल्यातरी बापाला तिचा सबंध तास मिळतो. मधूनमधून तिचं हळू आवाजातलं 'हं' ऐकू येतं. त्या 'हं'मध्ये जे असतं ते मला थोडं थोडं मिळतं, रविवारी जास्त, पण त्या तासासारखं सलग नाही. ती थकून बाहेर येते आणि मी काही सांगायला लागलो तर म्हणते, "जरा वेळाने सांगा हं." कधी तो जरा वेळ येतो, कधी आम्ही दोघंही टीव्हीसमोर झोपतो.

काल संध्याकाळी मी वरणासाठी कुकर लावला होता. दाराआडून कुणाचंतरी रडणं ऐकू येत होतं आणि तिची शांतता. मला वाटलं, कोण आहे हा, आणि ह्याच्या बोलण्याची ती एवढी वाट कशी बघते. कुकर शिट्टीला आला होता. तिचा आवाज आत जाऊ नये म्हणून मी जाऊन गॅस बंद केला आणि वाफ आपोआप जिरेपर्यंत तिथेच उभा राहिलो.